दोन नगरप्रवेश : अण्णाभाऊ साठे आणि त्यांचा रशियाप्रवास

भिलाईत राहणाऱ्या मराठी माणसाला रशियाची ओळख केवळ पुस्तकांतून झालेली नसते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत सरकार व सोव्हिएत संघराज्य यांच्यात येथील पोलाद कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले, आणि कारखान्याच्या आश्रयाने क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या सेक्टरांची वसाहत वाढत गेली. ज्या सेक्टर ६ मध्ये बसून प्रस्तुत लेख लिहिला जात आहे, तो या वसाहतीचाच एक भाग होय. रशियन भाषेतील आराखडे घेऊन आलेले तज्ज्ञ येथे सहकुटुंब राहिले, आणि येथील अभियंते प्रशिक्षणासाठी तिकडे गेले. परक्या देशातील पहिले दिवस कसे असतात, हा प्रश्न त्यामुळे या गावाच्या जन्माशीच निगडित आहे.

हे देणेघेणे पोलादापुरते मर्यादित नव्हते. फेब्रुवारी १९६० मध्ये ख्रुश्चेव्ह भारतात आले असता दोन्ही देशांत सांस्कृतिक सहकार्याचा करार झाला. त्याच दौऱ्यात त्यांनी भिलाईचा कारखानाही पाहिला. पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, इंडो-सोव्हिएत कल्चरल सोसायटीच्या वतीने एक मराठी शाहीर सोव्हिएत देशाच्या भेटीस निघाला. त्याचे नाव तुकाराम भाऊराव साठे. महाराष्ट्र त्याला अण्णाभाऊ म्हणून ओळखतो. या भेटीतून निर्माण झालेले 'माझा रशियाचा प्रवास' हे पुस्तक दलित लेखकाने लिहिलेले मराठीतील पहिले प्रवासवर्णन म्हणून गणले जाते. परंतु ते पुस्तक पुष्कळदा एका श्रद्धावान साम्यवाद्याची तीर्थयात्रा म्हणून वाचले गेले आणि तेवढ्यावरच बाजूला ठेवले गेले. हे वाचन अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. अण्णाभाऊंनी मॉस्कोत पाऊल ठेवले तेव्हा अनोळखी महानगरात प्रवेश करण्याची त्यांची ती पहिली वेळ नव्हती. त्यापूर्वी तीस वर्षे ते एकदा अशाच एका नगरात शिरले होते. मॉस्कोतील पहिल्या दिवसांचा अर्थ त्या पहिल्या प्रवेशात शोधावा लागतो, आणि त्यासाठी त्यांच्या चरित्राकडे वळणे प्राप्त आहे.

अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे झाला. वाळवे तालुक्यातील हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. आज ते सांगली जिल्ह्यात मोडते. वडील भाऊराव, आई वालूबाई. घर मातंग समाजाचे, म्हणजे गावाच्या रचनेत वेशीबाहेरचे. दोर वळणे, केरसुण्या बांधणे, वाजंत्री वाजवणे ही त्या समाजाकडे परंपरेने आलेली कामे. त्यातच इंग्रजी अमदानीत १८७१ पासून लागू झालेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याची छाया या वस्तीवर होती. कोठे चोरी झाली की पहिली चौकशी येथे व्हायची, पुरुषांनी हजेरी द्यायची, असा तो काळ. पुढे 'फकिरा' या कादंबरीत जे संतप्त जग उभे राहिले, त्याची पाळेमुळे या बालपणात आहेत. शाळेशी अण्णाभाऊंचा संबंध जवळजवळ आलाच नाही. मास्तरांचा मार आणि वर्गातील अवहेलना यांनी तो अवघ्या काही दिवसांत तुटला. वाचनालेखन त्यांना शाळेने दिले नाही, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवली पाहिजे.

१९३१–३२ च्या सुमारास साठे कुटुंबाने गाव सोडले व मुंबईची वाट धरली. ही वाट दोनशे मैलांहून अधिक होती आणि ती पायी तोडली गेली. गाडीभाड्याचे पैसे नव्हते. वाटेत मिळेल ते काम करायचे, मिळेल तेथे मुक्काम करायचा आणि पुन्हा चालू लागायचे, असा तो प्रवास. अकरा-बारा वर्षांच्या मुलाचा मुंबईत प्रवेश झाला तो अशा रीतीने. भायखळ्याच्या चाळीत बिऱ्हाड पडले. त्यानंतरच्या वर्षांत त्याने हमाली केली, घरगडी म्हणून राबला, चित्रपटांच्या जाहिराती मिरवल्या, गिरणीत काम केले. याच शहराने त्याला अक्षरओळख करून दिली. दुकानांवरच्या पाट्या आणि भिंतींवरची चित्रपटांची भित्तिपत्रके हीच त्याची बाराखडी. अक्षर जुळवत, शब्द उच्चारत, ज्याला येते त्याला विचारत तो वाचू लागला. ज्या नगराला प्रथम केवळ आवाज आणि गर्दी होती, त्याला हळूहळू अर्थ येऊ लागला. नवे शहर म्हणजे न वाचता येणाऱ्या पाट्यांचे शहर, आणि ते आपले होते ते पाट्या वाचता येऊ लागल्यावर, हा अनुभव अण्णाभाऊंनी लहानपणीच घेतला होता.

अक्षरांपाठोपाठ राजकारण आले. गिरणगावातील मोर्चे, सभा आणि संप यांतून ते कम्युनिस्ट पक्षाकडे ओढले गेले. माटुंग्याच्या लेबर कॅम्पातील वास्तव्यात त्यांचे कार्यकर्तेपण आणि कवित्व एकाच वेळी घडत गेले. नात्यातील तमाशाच्या फडामुळे ढोलकी, गण, गौळण आणि वग यांचे संस्कार त्यांच्यावर झालेलेच होते. ते साधन आता नव्या आशयाच्या कामी आले. १९४३ मध्ये त्यांनी स्टालिनग्राडचा पवाडा रचला. जुलै १९४२ ते फेब्रुवारी १९४३ या काळात व्होल्गेच्या काठी चाललेल्या त्या लढाईच्या वार्ता वृत्तपत्रांतून व पक्षाच्या सभांतून मुंबईच्या कामगारवस्तीपर्यंत पोहोचत होत्या. शिवकाळापासून गड, किल्ले आणि वीर यांचे गुणगान करणारा काव्यप्रकार एका परक्या नगरासाठी योजावा, आणि तो चाळीतल्या श्रोत्याला परका वाटू नये, हे कार्य लहान नव्हे. ते नगर अण्णाभाऊंनी पाहिले नव्हते. नकाशावरही कदाचित ते त्यांना कोणी दाखविले असेल. तथापि ज्या श्रोत्यांपुढे ते गात होते, त्यांना घर, रस्ता, जिना आणि कारखाना यांसाठी लढणारी माणसे लगेच ओळखू येत होती.

१९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासमवेत त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. 'अकलेची गोष्ट' यासारख्या वगांनी तमाशाला लोकनाट्याचे नवे रूप दिले. भारतीय जननाट्य संघाच्या, म्हणजेच इप्टाच्या, वर्तुळात त्यांचा वावर वाढला व बलराज साहनींसारख्या कलावंतांशी स्नेह जुळला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या लावण्या व छक्कड गावोगाव पोहोचल्या. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात उद्‌घाटनाचे भाषण त्यांनी केले. १९५९ मध्ये 'फकिरा' प्रसिद्ध झाली. ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मृतीस अर्पण केली आणि तिला राज्य शासनाचा पुरस्कार लाभला. असा हा लेखक घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहत होता. नावलौकिक आणि निवारा यांमधील हे अंतर त्यांच्या आयुष्यात अखेरपर्यंत मिटले नाही.

रशिया पाहण्याची त्यांची इच्छा जुनी होती. संधी आली तेव्हा प्रश्न उभा राहिला तो पैशांचा. मित्रांनी हातभार लावला. ओळखीच्या व बिनओळखीच्या वाचकांनीही लहानमोठ्या रकमा धाडल्या. एका अर्थी हा प्रवास वर्गणीचा होता, आणि ज्यांनी वर्गणी दिली त्यांच्या वतीने पाहून यावयाचे, ही जबाबदारी त्यासोबत आली. शाहिराचे श्रोते येथेही त्याच्या पाठीशी उभे होते, आणि त्याला परत येऊन त्यांना सांगावयाचे होते.

येथे मराठी प्रवासवर्णनाच्या परंपरेकडे क्षणभर पाहणे उचित ठरेल. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये अमेरिकेची लोकस्थिती वर्णिली ती समाजसुधारकाच्या दृष्टीने. रशियाच्या वाटेने मराठी माणूस पूर्वीही गेला होता. धर्मानंद कोसंबी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाअखेर बौद्धविद्येच्या अभ्यासासाठी लेनिनग्राडला राहून आले, तर अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' १९४० मध्ये प्रसिद्ध झाले व त्याने आधुनिक मराठी प्रवासवर्णनाला नवे वळण दिले. अण्णाभाऊंच्या प्रवासाच्या अगोदरच्याच वर्षी पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' वाचकांच्या हाती आली होती. या सर्व लेखकांपाशी विद्यालयीन शिक्षण, इंग्रजी भाषेचा परिचय, किंवा कोसंबींसारख्याच्या बाबतीत पाली-संस्कृताचे पांडित्य, असे काही ना काही पाथेय होते. त्यांना परदेश अगोदर ग्रंथांतून भेटला होता, आणि प्रत्यक्ष दर्शन हे त्या वाचनाशी ताडून पाहण्याचे निमित्त होते. अण्णाभाऊंपाशी असे पाथेय नव्हते. गॉर्कीसारखे लेखक त्यांनी अनुवादांतून आत्मसात केले होते हे खरे; परंतु परक्या नगराला सामोरे जाण्याचे त्यांचे मुख्य शिक्षण मुंबईच्या रस्त्यावर झाले होते.

मॉस्कोतील त्यांच्या पहिल्या दिवसांचे वैशिष्ट्य यातूनच उलगडते. वर उल्लेखिलेला प्रसंग या नगरात पुन्हा घडला. पाट्यांवरून वाचायला शिकलेला हा माणूस रशियन लिपीतल्या पाट्यांसमोर पुन्हा निरक्षर झाला. दुकान कशाचे, रस्ता कोणता, भिंतीवर कशाची जाहिरात, यांतले काही अक्षरांतून कळणे शक्य नव्हते. दुभाषा होता, परंतु दुभाषा बोललेले सांगतो. दिसलेले ज्याचे त्यालाच वाचावे लागते. अशा वेळी अण्णाभाऊंनी काय वाचले? त्यांनी फुटपाथ वाचला. मॉस्कोचे फुटपाथ पाहावयाचे, हे त्यांनी निघण्यापूर्वीच मनाशी धरले होते, आणि तेथे ते रस्त्यांवरून हिंडले ते ही खूणगाठ बाळगूनच. रस्त्याच्या कडेला कोणी झोपले आहे काय, कोणी हात पसरतो आहे काय, अंगावर धड वस्त्र नसलेले मूल दिसते काय, ही त्यांची तपासणी होती. राजवाडे, चौक आणि पुतळे हे मार्गदर्शक दाखवीतच असतात. फुटपाथ कोणी दाखवीत नाही. तो पाहण्याची गरज ज्याला भासते तोच तो पाहतो.

या पाहण्याला वाङ्‌मयीन दृष्ट्या मोठे महत्त्व आहे. प्रवासी सामान्यतः आपल्या देशात नसलेली गोष्ट शोधतो. अण्णाभाऊ आपल्या नगरात असलेली गोष्ट तेथे आहे काय, हे शोधत होते, आणि ती न आढळणे हाच त्यांच्या आनंदाचा विषय होता. वर्णनाचा ओघ यामुळे वेगळा होतो. मॉस्कोच्या प्रत्येक स्वच्छ रस्त्यामागे मुंबईचा एक रस्ता उभा असतो, तो लिहिलेला नसला तरी. वाचकाने हा दुसरा रस्ता मनात धरला नाही, तर त्या पुस्तकातील कौतुक भाबडे वाटण्याचा संभव आहे. तो मनात धरला की त्याच कौतुकातून मुंबईवरील आरोपपत्र वाचता येते. 'मुंबईची लावणी' रचणाऱ्या शाहिराने येथे त्याच नगरीविषयीचे आपले म्हणणे दुसऱ्या नगराच्या वर्णनातून पुढे नेले आहे.

परकेपणा दूर करणाऱ्या काही गोष्टी त्या काळात अगोदरच सिद्ध झालेल्या होत्या, हेही नमूद केले पाहिजे. १९५४ मध्ये सोव्हिएत देशात प्रदर्शित झालेल्या राज कपूर यांच्या 'आवारा' चित्रपटामुळे भारतीय चेहरा तेथील सामान्य माणसाला ओळखीचा झाला होता. पंधराव्या शतकात चौल बंदरी उतरून जुन्नरला पावसाळा काढणाऱ्या अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्यावर आधारलेला 'परदेसी' हा संयुक्त चित्रपट १९५७ मध्ये निघाला, आणि त्यात बलराज साहनींची भूमिका होती. निकितिनच्या टिपणांत नवख्या माणसाभोवती जमणाऱ्या कोकणच्या लोकांचे वर्णन आहे. तो जेथे जाई तेथे लोक त्याच्या गोऱ्या वर्णाकडे पाहत राहत. सुमारे पाचशे वर्षांनी वारणेकाठचा एक सावळा माणूस मॉस्कोच्या रस्त्यावर तशाच कुतूहलाचा विषय झाला असेल, तर तो त्या जुन्या भेटीचा परतावाच म्हणावयाचा.

मॉस्कोनंतर त्यांनी लेनिनग्राड, बाकू आदी नगरे पाहिली, आणि ज्याचा पवाडा त्यांनी अठरा वर्षांपूर्वी गायिला होता ते स्टालिनग्राडही पाहिले. न पाहता गायिलेल्या नगराला पाहण्याचा योग कवीच्या आयुष्यात क्वचित येतो. युद्धात जवळजवळ बेचिराख झालेले ते शहर तोवर पुन्हा उभारले गेले होते, आणि मामायेव टेकडीवरील स्मारकाचे काम चालू होते. परंतु इतिहासाचा एक विलक्षण योगायोग येथे घडला. त्याच वर्षी ऑक्टोबरात सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाची बाविसावी काँग्रेस भरली, स्टालिनचा देह लेनिनच्या समाधिमंदिरातून हलविण्यात आला, आणि १० नोव्हेंबर १९६१ रोजी स्टालिनग्राडचे नाव बदलून व्होल्गोग्राड करण्यात आले. ज्या नावावर पवाडा बांधला ते नाव नकाशावरून पुसले गेले. पवाड्यात मात्र ते राहिले.

या ठिकाणी टीकाकाराचा आक्षेप टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अण्णाभाऊ पाहुणे होते. पाहुण्याचा कार्यक्रम यजमान ठरवितो, आणि सोव्हिएत यजमान त्या कामी विशेष दक्ष असत. १९५६ मध्येच ख्रुश्चेव्ह यांनी स्टालिनकालीन अत्याचारांना वाचा फोडली होती. श्रमछावण्यांचा भीषण इतिहास पुढे अधिकाधिक उजेडात आला. १९९१ मध्ये ते संघराज्यच विसर्जित झाले. या सर्वांच्या प्रकाशात 'माझा रशियाचा प्रवास' हा ग्रंथ सोव्हिएत देशाविषयीचा पुरेसा पुरावा म्हणून स्वीकारता येणार नाही. फुटपाथ मोकळा असणे ही मोठी गोष्ट आहे, पण फुटपाथ मोकळा असलेल्या देशात माणसाची वाणीही मोकळी असते, असे त्यावरून सिद्ध होत नाही. हा दुसरा प्रश्न अण्णाभाऊंनी त्या दिवसांत विचारला नाही. ही त्या ग्रंथाची मर्यादा होय, आणि ती मान्य केल्याने ग्रंथकाराचे मोठेपण उणावत नाही.

कारण त्यांनी जो प्रश्न विचारला तो मराठी प्रवासवर्णनात त्यापूर्वी इतक्या आग्रहाने कोणी विचारला नव्हता. नगराची परीक्षा त्याच्या सर्वांत खालच्या पायरीवरून करावी, ही दृष्टी त्यांना कोणत्याही ग्रंथाने दिली नव्हती. वाटेगावाहून चालत आलेल्या मुलाने मुंबईत जे भोगले त्यातून ती आली होती. उत्तर कदाचित अर्धे मिळाले असेल, परंतु प्रश्न पूर्ण होता. आजही एखाद्या नगराविषयी, ते परदेशातील असो वा आपले, हा प्रश्न विचारला तर तो जुना वाटत नाही.

प्रवासाहून परतलेले अण्णाभाऊ पुन्हा चिरागनगरच्या झोपडीतच आले. त्यांची लेखणी थांबली नाही; तीसहून अधिक कादंबऱ्या, विपुल कथा, वग, पवाडे व लावण्या असा त्यांचा ग्रंथसंभार आहे. त्यांच्या कथांवर चित्रपट निघाले. परंतु उत्तरायुष्यात एकाकीपण, आजार आणि दारिद्र्य यांनी त्यांना ग्रासले. १८ जुलै १९६९ रोजी, वयाची एकोणपन्नास वर्षे पुरी होण्यास अवघे दोन आठवडे उरले असता, त्यांचे निधन झाले. मॉस्कोत ज्याने फुटपाथांवर निराधार माणूस शोधला, त्याला आपल्या नगरात पक्के छप्पर मिळाले नाही, हा विरोध त्या प्रवासवर्णनाच्या शेवटच्या पानानंतर वाचकाने स्वतः लिहून घ्यावयाचा आहे.

मरणोत्तर सन्मान पुष्कळ झाले. २००२ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोतील परदेशी साहित्याच्या रुदोमिनो ग्रंथालयात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. ज्या नगरातील एकही पाटी त्यांना वाचता आली नव्हती, तेथे आता एका पाटीवर त्यांचे नाव आहे, आणि ते ग्रंथांच्या घरात आहे. शाळेने ज्याला काही दिवसांतच परत पाठविले, त्याच्या बाबतीत ही घटना केवळ औपचारिक मानता येत नाही.

भिलाईच्या सेक्टर ६ मधून या चरित्राकडे पाहताना आणखी एक गोष्ट जाणवते. दोन देशांतील सांस्कृतिक संबंधांचा इतिहास आपण बहुधा करार, शिष्टमंडळे आणि समारंभ यांच्या तारखांनी लिहितो. या लेखाची सुरुवातही तशीच झाली. परंतु ते संबंध प्रत्यक्षात उतरतात ते नवख्या माणसाच्या पहिल्या काही दिवसांत. येथे आलेल्या रशियन कुटुंबाने बाजारात भाजीचा भाव कसा विचारला असेल, तिकडे गेलेल्या आपल्या अभियंत्याने पहिल्या हिवाळ्यात काय सोसले असेल, याची नोंद फारशी झाली नाही. त्या काळातील एका मराठी माणसाची नोंद मात्र आपल्यापाशी आहे. त्याच्याजवळ पदवी नव्हती, परकी भाषा नव्हती, आणि स्वतःचा प्रवासखर्चही नव्हता. भारतीय साहित्याच्या अभ्यासकांनी ती सोव्हिएत देशाची प्रशस्ती म्हणून वाचण्यापेक्षा एका नगरातून दुसऱ्या नगराकडे पाहणाऱ्या पदातिकाचा वृत्तांत म्हणून वाचली, तर तिचे योग्य स्थान तिला लाभेल.